खोटी डोकेदुखी

२ मार्च

चुका होणार. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि टाइप मी एका बोटाने करते, तेही हळू. माफ करा. कुणाला म्हणतेय माफ करा? इथे कुणीच नाही. सवय आहे. माझी निम्मी वाक्यं तिथूनच सुरू होतात. उरलेली मी बोलतच नाही.

मोबाइल ऑफिसचा आहे. चष्मा म्हणाला, "रोज काहीतरी टाइप करत जा, हात बसेल." (नाव आहे त्याला, पण चष्माच जास्त दिसतो. तो ऑफिसात आकडे लावतो.) काय टाइप करू ते विचारायचं होतं. नाही विचारलं. म्हणून हे.

काम असं — शहरातले फॅमिली डॉक्टर पेशंटला नीट विचारतात का, याचं संशोधन. डॉक्टरांनी सह्या केल्यात की वर्षात कधीतरी खोटा पेशंट आला तर चालेल. कोण, कधी, ते त्यांना सांगत नाहीत. तर ती खोटी पेशंट मी. बाहेर आलं की लगेच टाइप करायचं — काय विचारलं, काय नाही. त्यावरून म्हणे सगळ्या शहराच्या तब्येतीचं कळणार. कसं, ते चष्म्याला माहीत. त्याच्याकडे रंगीत आलेख आहेत.

घरी सांगितलं तर ताई दात काढायला लागली. "गोगलगाईला नोकरी? आजारी दिसायची? तशीही पडूनच असतेस."

मोठी बहीण आहे म्हणून ऐकून घेते.

५ मार्च

ट्रेनिंग. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी पोचेपर्यंत सगळे बसलेले. मोठ्या बाई — संशोधन त्यांचं, स्वतः डॉक्टर आहेत, वर प्रोफेसर — म्हणाल्या, "जिने चढायला इतका वेळ? या वयात?" सगळे हसले. मीपण हसले. मला हसतात तेव्हा मीच आधी हसून घेते, लवकर संपतं.

शाळेतही असंच. मी बाकावर झोपायचे. बाई म्हणाल्या, झोपायचं तर घरी झोप. म्हणून घरी आले. परत गेलेच नाही. त्यांनाही फार आठवण आली असेल असं वाटत नाही.

कामावर घ्यायच्या आधी आमची तपासणी झाली. स्क्रीनवर एक प्रश्न — तुम्ही निरोगी आहात का? मी "हो" दाबलं. झाली तपासणी.

मला पाठ करायचंय ते हे. महिनाभर डोकं दुखतंय. झोप लागत नाही. जेवण जात नाही. ही तीन आपणहून सांगायची. चौथं, डॉक्टरने "घरी सगळं ठीक आहे ना?" विचारलं तरच — "नाही. पण कुणाला सांगता येत नाही." मोठ्या बाई म्हणाल्या, "खरा प्रश्न तोच. बाकीचे यादीला."

दुसरे खोटे पेशंट म्हणजे नटकाका. त्यांची कंबर दुखते, खोटी. पूर्वी पोस्टात होते, हौशी नाटकं करायचे, अजून थांबलेले नाहीत. मला म्हणाले, "पोरी, दुखणं डोक्यातून काढू नकोस. घरातून चोर. कुणाचं दुखतं घरात?"

ताईचं. ती डोकं दुखतंय म्हणते, दोन बोटांनी भुवयांच्या मधे दाबते आणि डावा डोळा मिटते. मी तसं केलं. नटकाकांनी टाळ्या वाजवल्या. "वा. जिचं चोरलंस तिला थँक्यू सांग."

नाही सांगितलं. ती कायम हेडफोन लावून असते.

९ मार्च

आरशासमोर दहा वेळा कपाळ दाबलं. आता खरंच दुखायला लागलंय. मूर्खपणा.

११ मार्च

पहिला डॉक्टर. घड्याळवाला. मी बसले तेव्हा त्याने घड्याळ बघितलं, उठले तेव्हा बघितलं. मधे मला बघितलंच नाही. "डोकं दुखतं? पाणी पी." एवढं शिकायला किती वर्षं लागत असतील?

बाहेर लोक घामाने निथळत होते. मी स्वेटर आणि स्कार्फमधे. मला थंडीच वाजते, काय करू. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बर्फ पडतोय का?" सगळेच विनोदी झालेत.

१५ मार्च

एका डॉक्टरने सांगितलं मोबाइल कमी बघ. सांगताना स्वतःच्या मोबाइलवर बघत होता. दुसरा म्हणाला लग्न झालं की थांबेल. त्याच्या बायकोला विचारायला हवं, तिचं थांबलं का.

आजच्या डॉक्टरीणबाई मात्र हुशार. यादीतलं सगळं विचारलं, धडाधड, कॉम्प्युटरकडे बघत. आणि मग आला तो — "घरी सगळं ठीक ना?" माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं. मी घसा साफ करेपर्यंत बाईंनी स्वतःच उत्तर दिलं. "ठीक." आणि टाइप केलं.

चष्म्याने त्यांना पूर्ण मार्क दिले. प्रश्न विचारला ना, मग झालं. उत्तराला यादीत चौकट नाही.

१८ मार्च

ताई म्हणाली, "दाखव ना, काय करतेस तिथे." करून दाखवलं. दोन बोटं, डावा डोळा, ताट थोडं पुढे सरकवायचं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "मी अशी करते?"

"हो."

"माकड आहेस." थोड्या वेळाने, "आणि मग डॉक्टर काय विचारतो?"

म्हटलं, खरा प्रश्न चौथा आहे, तो कुणी मनापासून विचारत नाही. कोणता ते सांगितलं. ती हसली. "कोण विचारतंय."

मग बाथरूममधे गेली. नळ कितीतरी वेळ चालू. आई बाहेरून ओरडली, "पाणी काय फुकट येतं?" सगळ्यांच्या नकला करते ही, स्वतःची केली की तोंड पाडते. नाजूक.

२३ मार्च

आजचा कहर होता. बहिरा डॉक्टर. म्हातारा, कानात मशीन, मशीन शिट्टी मारतं. बाकावर वाट बघताना मला झोप लागली, नंबरवाल्या बाईने हलवून उठवलं.

"काय होतंय?"

"डोकं दुखतंय."

"काय?"

परत सांगितलं. माझा आवाज असा घोगरा, बसलेला, चांगल्या कानवाल्यांनाही पोचत नाही. तिसऱ्यांदा मी कपाळ दाबून दाखवलं. तो म्हणाला, "बरं, राहू दे." आणि बघत बसला माझ्याकडे. मला कुणी बघितलेलं आवडत नाही. मी फरशी बघत होते.

मग त्याने हात धरला, कातडी चोळून बघितली. छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारलं. पाय उडाला, पण जरा विचार करून. "स्कार्फ काढ." पाठीमागे उभा राहिला, बोटं मानेवर. "गीळ." गिळलं. "परत गीळ."

समोर बसून विचारायला लागला. मान हलवली तरी चालत होतं. थंडी वाजते? हो. दिवसभर झोप? हो. आवाज पूर्वी असा नव्हता ना? नव्हता.

"लोक आळशी म्हणतात?"

मान नाही हलवली मी. का कुणास ठाऊक डोळ्यात पाणी आलं. स्क्रिप्टमधे नव्हतं.

"थायरॉइडसाठी रक्त तपासू," म्हणाला. आमचा नियम आहे, सुई टोचून घ्यायची नाही. आईला विचारून येते म्हणायचं आणि निघायचं. निघाले. स्कार्फ तिथेच राहिला.

२४ मार्च

चष्म्याने मार्क लावले. डोकेदुखीचा एकही प्रश्न नाही. शून्य. वर अनावश्यक तपासणी सांगितली म्हणून उणे.

"डोकेदुखीला थायरॉइड?" चष्मा म्हणाला. "म्हातारा कामातून गेलाय." नटकाका म्हणाले, "माझी कंबर घेऊन जाऊ का त्याच्याकडे? गुडघा काढून देईल."



२५ मार्च

पाणी पिताना आरशात मान बघितली. गळ्यात काहीतरी वर जातं, खाली येतं. सगळ्यांचंच जात असेल.

२६ मार्च

आईला बघितलं पाणी पिताना. ताईला पण. त्यांचं नाही जात असं. ताई म्हणाली, "काय टक लावून बघतेस? नजर लावशील."

३० मार्च

गेले. आणखी एकदा गेलं की तो ओळखणार, आणि ऑफिसला कळलं तर काम जाणार. पण आळशी की आजारी, हे मला एकदा कळायला हवं. आळशी निघाले तर कुणाला सांगणारच नाही.

बोलायला जमणार नव्हतं, त्याला ऐकू येणार नव्हतं. मोबाइल काढला आणि त्याच्यासमोर टाइप केलं. एका बोटाने. तो थांबला. एकदाही घड्याळ नाही बघितलं. मी खोटी पेशंट आहे. डोकं दुखत नाही. रक्त घ्या.

त्याने वाचलं आणि हसला. "ते तेव्हाच कळलं. दरवेळी बोटं तिथेच, डोळा तोच. तू कुणाचं तरी बघून करत होतीस." रक्त काढताना म्हणाला, "ज्याचं बघून केलंस, त्याला घेऊन ये माझ्याकडे. त्याचं खरं आहे."

मी टाइप केलं — बहीण आहे, तिला काही झालं नाही, नाटकी आहे.

"आण तरी," म्हणाला. स्कार्फ परत दिला, घडी घालून ठेवला होता.

६ एप्रिल

थायरॉइड. मानेत एक ग्रंथी असते, ती माझी नीट चालत नाही. बरीच वर्षं चालत नसेल म्हणाला. म्हणून झोप, म्हणून थंडी, म्हणून आवाज, म्हणून सगळं. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारकी गोळी. एवढी बारकी की हसू येतं. ती मिळाली नाही म्हणून शाळा गेली माझी.

शाळेतल्या बाईंना ही गोळी नेऊन दाखवावी आणि काही न बोलता परत यावं. न बोलणं मला जमतं.

आई लॉन्ड्रीतून आली, तिला सांगितलं. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करून येते, तरी उभीच राहिली. म्हणाली, "मी तुला काय काय बोलले गं." मग भांडी घासायला लागली, घासलेलीच.

ताई म्हणाली, "म्हणजे आता गोगलगाय म्हणायचं नाही?" आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. असं ती कधी करत नाही. मी म्हटलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीये."

१० एप्रिल

मोठ्या बाईंना सांगितलं. टाइप करून नाही, तोंडाने. दारातच उभं राहून.

त्यांनी आधी रिपोर्ट बघितला, मग मला. मग म्हणाल्या, पेशंट खरीच आजारी होती, म्हणजे तिच्या सगळ्या भेटी बाद. कुणालाच मार्क नाहीत, ना शून्यवाल्याला ना पूर्णवाल्यांना. चष्मा म्हणाला, "पण आलेख?" अगदी रडवेला. त्याच्या घरचं कुणी गेल्यासारखा.

बाई मला म्हणाल्या, "जिन्यावरून मी तुला हसले होते." आपले डॉक्टर पेशंटकडे बघत नाहीत, असा आलेख भिंतीवर आहे त्यांच्या, त्याच्याखालीच मी बसायचे.

माझ्याजागी दुसरी मुलगी घेणार. या वेळी नीट तपासून घेणार म्हणे. मोबाइल महिनाअखेरीला परत द्यायचाय. नटकाका खाली सोडायला आले, म्हणाले, "उत्तम काम केलंस. खरं असूनही खोटं वाटलं नाही." या माणसाला काय म्हणायचं?

२० एप्रिल

गोळीला वेळ लागतो, डॉक्टरने सांगितलंच होतं. पण आज स्वेटर न घालता दुकानापर्यंत गेले. आणि हे मी दोन बोटांनी टाइप करतेय. रिक्षावाल्याने ओळखलं नाही.

ताईला निरोप दिला शेवटी. म्हटलं, बहिऱ्या डॉक्टरने तुला बोलावलंय, डोकं दाखवायला.

"बहिऱ्याने? मी सांगणार काय आणि तो ऐकणार काय?"

दोघी हसलो. खूप हसलो. आई म्हणाली, जेवताना हसू नका. ताईने ताट पुढे सरकवलं, तसंच, भरलेलं. "बघू उद्या," म्हणाली आणि हेडफोन लावले. नखरे. मला काय, मी निरोप दिला.

२१ एप्रिल

ताई घरात नाही. बॅग नाही, चार्जर नाही, फोन बंद. हेडफोन उशीवर आहेत. आईने सगळीकडे विचारलं, कुणालाच काही माहीत नाही.

आई मला विचारते, "तुला काही म्हणाली होती का गं?"

डोकं दुखतंय म्हणायची.