बाहेर पडल्याची सही

प्रिय दादा,

तू पाठवलेला जबाबाचा कागद मिळाला. सोमवारी चौकशी आहे, त्याआधी मी सही करून धाडायची, म्हणजे अभयारण्याच्या त्या पहारेकऱ्याची नोकरी कायमची जाईल, असं तू फोनवर दोनदा बजावलंस. कागद समोरच आहे. तीन दिवस झाले, त्यावर चहाच्या कपाचे डागसुद्धा पडलेत. चिडू नकोस, आधी पुढचं वाच.

बाबा गेल्यापासून सुट्टी मिळाली की मी उठते आणि कुठल्या तरी गावची बाग बघायला जाते. मला वेड लागलंय असं वहिनी म्हणते म्हणे. लागलंही असेल. बाबा बरोबर असताना मी किती करवादायचे, तुला ठाऊक आहे. जन्मभर रोपवाटिकेत कलमं बांधून या माणसाचं पोट भरलं नव्हतं. प्रत्येक झाडापाशी थांबायचं, पाटी वाचायची, खोडावरून हात फिरवायचा आणि छाटणी करणाऱ्या माळ्याचा उद्धार करायचा. मी आपली फाटकाशी ताटकळत उभी. सहीपुरता खिशातून चष्मा काढायचाही त्यांना आळस, म्हणून फाटकावरच्या वहीत ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दोन्ही रकान्यांत त्यांची सही मीच ठोकायचे. माझ्यापेक्षा तुलाच माझी सही बरी जमते, म्हणून बाबा हसायचे.

आता एकटीच जाते, तरी आत शिरताना हात आपोआप त्यांचं नाव लिहितो. बाहेर पडताना मात्र त्यांच्या रकान्यात पेन टेकवत नाही. दादा, पाच बागांच्या वह्यांत बाबा अजून आतच आहेत. चालताना मागे त्यांची काठी टेकल्याचा आवाज येतो, मग थांबतो, म्हणजे पाटी वाचत असणार. वळून बघितलं तर कोणी नाही. त्याची भीती वाटत नाही रे. आवाज आला नाही की जीव घाबरा होतो.

गेल्या रविवारी संध्याकाळी एका बागेचा पहारेकरी धापा टाकत माझ्यामागे बसथांब्यापर्यंत आला. तुमच्याबरोबरचे आजोबा अजून बाहेर आले नाहीत, म्हणाला. मी त्याच्यामागून फाटकापर्यंत परत आले. तो कशाला थांबतोय! शिट्टी घेऊन तसाच परत आत गेला. बाग बंद व्हायची वेळ टळून गेली होती, तरी तासभर त्याने एकेक वाट पालथी घातली, तळ्यातसुद्धा उतरला. मी फाटकाशी बाकावर बसून त्याची शिट्टी ऐकत होते. गुडघ्यापर्यंत चिखलाने बरबटून आला आणि उलट माझीच माफी मागायला लागला. तळ्याच्या पलीकडे कोणी तरी वाकून पाटी वाचताना दिसलं होतं, पण जवळ जाईपर्यंत नाहीसं झालं, अजून माणसं बोलावतो, म्हणाला. तेव्हा कुठे मी सांगितलं, की त्यांना जाऊन चार महिने झाले. वाटलं, आता हा चार शब्द सुनावणार. तर माझ्याशेजारी बसला. वहीत एक जरी नाव आत राहिलं तरी आम्हाला कुलूप लावता येत नाही बाई, एवढंच म्हणाला.

बाबा गेले त्या पाणथळीच्या अभयारण्यात त्या दिवशी आम्ही भांडलो होतो. साडेचारची बस सुटायला आली आणि बाबांना मागच्या वळणावरचं कुठलंसं रोप पुन्हा बघायचं होतं. मग राहा इथेच, असं म्हणून मी तरातरा निघाले. फाटकावर बाहेर पडणाऱ्यांची झुंबड होती. रागात, सवयीने दोघांच्याही सह्या केल्या आणि बस पकडली. पुढच्या बसने येतील आणि रुसून स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतील, नेहमीसारखे, असं गृहीत धरून मी झोपले. सकाळी त्यांचं दार ढकललं, तर पलंगावरची चादरही विस्कटलेली नव्हती. पाय मोडून रात्रभर चिखलात पडले होते रे ते. तिथल्या पहारेकऱ्याने आपली कातडी वाचवायला बाबांची खोटी सही केली, असं तू सगळीकडे सांगतोस, आणि मी चार महिने मूग गिळून बसलेय. दादा, ती सही माझी आहे. ती बघूनच त्याने कुलूप लावलं. मी ती केली नसती तर तोही शिट्टी घेऊन आत गेला असता. तुझ्या कागदावर मी सही करणार नाही. सोमवारी स्वतःच येतेय. तिथे सगळ्यांसमोर बाबांची सही करून दाखवीन. तू बघशीलच.

तुझीच,
धाकटी