कान खाजवण्याची खूण

इन्व्हरकार्गिल, जुलै

तालोफा आई,

पोरं मजेत आहेत. बाहेर इथल्या हिवाळ्याची हाडं गोठवणारी थंडी, म्हणून शेगडीपुढे चटई टाकून सगळे पत्ते कुटतो. टावीटाला सध्या काम कमी आहे, तोही खेळतो. काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

काल इलिसानं कान खाजवला, की टावीटा लेकीला हवं तेच पान टाकायचा. दटावलं, तर म्हणते, "ही खूण सामोआच्या आजीनं फोनवर शिकवली. तुला सांगू नको म्हणाली!"

म्हणजे लहानपणी तू आणि फेतूमावशी मिळून मला गंडवत होतात? हरले म्हणून रोज भांडी मी घासली! पोटची पोर ना गं मी?

आणि तुमचे कान खाजतात म्हणून खोबरेल कोमट करून मीच घालायचे.

तुझी बावळट,
लेपेका