आधी वही

जालना, ९ सप्टेंबर १९७६

कॉलेजातल्या मॅडमचं दिल्लीहून पत्र आलंय. नर्सलाही डॉक्टरेट करता येते म्हणे. इथं राहून संशोधनाची, न्हाई तर परदेशात जाऊन रुग्णसेवेतली. कोणती ते लगेच कळवायचं. मला खरंच कळंना.

दोन वर्षं मी एका वहीत लिहून ठेवतेय, आमच्या दवाखान्यातनं पाचवी पुजायला घरी गेलेल्या किती बाळंतिणी तापानं परत येतात. परवा जाफराबादची कांता म्हणाली, "सिस्टर, पाचवी हाये, घरी जाऊन येऊ का?" मी अडवलं न्हाई. वहीत 'गेली' लिहिलं.

आज ती तापानं फणफणत परत आली. थर्मामीटर खिशातच होता, आणि मी वही उघडली. का? मंग ही कसली सेवा, अन् कसलं संशोधन?

तिची सासू एवढंच म्हणाली, "बाई, आधी तिच्या अंगाला हात तर लावा."