कृत्तिकांना फुटलेली टोकं

बोरी बुद्रुक, शनिवार, संध्याकाळ

शी! शेतावरच्या आभाळाचा माझा फोटो ग्रंथालयाच्या कॅलेंडरसाठी दिला होता. कृत्तिकांचे सहा तारे त्यात सुटेसुटे दिसत होते. स्टुडिओवाल्या संदीपने संगणकावर प्रत्येक ताऱ्याला चार चकचकीत टोकं लावली. नाताळात कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर भिंतीवर कागदी तारे चिकटवायच्या, तसले! विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचा बल्बसुद्धा तारा झाला.

"संदीप, माझे सहा तारे कुठे गेले?"

"मॅडम, साधं आभाळ कोण बघतंय? आता लई झ्याक दिसतंय!"

टोकांच्या गिचमिडीत सहाही बुडाले आणि खाली फोटो काढणारी म्हणून माझं नाव. ते नाव काढ म्हणणार, तेवढ्यात कॅलेंडर बघायला आलेले ग्रंथपाल म्हणाले, "वा, काय कला!" आणि मी? चक्क "थँक्यू" म्हणाले. टोकांपेक्षा त्या थँक्यूचीच किळस येते आहे. उद्या नाव काढायला लावीन. लावीन ना?