सोमाजीमामाचं 'बरोबर'

पोंभुर्णा, जिल्हा चांदा
होळी होऊन चार दिवस झाले, १९५७

इंदुताई,

तुझ्या दोन्ही पायावर डोकं ठेवते. (जपून ठेवते, कारण मामीनं आताच माझं डोकं तेलानं चोपडलं हाये, अन् तू दवाखान्यातली नर्स, तुझे पाय सदा धुतलेले.) वार्डात दिवसभर उभी राहून पाय सुजते म्हणून लिवलं होतं तू, ते उतरले का? गरम पाण्यात मीठ टाकून शेकत जा. नर्सले असं सांगणारी मी कोण, पण नागपूरच्या कॉलेजातून मामाच्या सेवेले इथी आल्यापासून मले सगळ्याईले दवा सांगाची सवय लागली. इथी मी खुशाल, मामी खुशाल, बैल खुशाल. मामाले 'कसे हाये' म्हणून इचारलं त ते म्हणते, "बरोबर." म्हणजे आपल्याले काईच समजलं नाई. त्याचीच ही कथा हाये, अन् ती सांगता सांगता तुझे उपकार मानाचे हायेत. माझं लिवणं कसं फाटे फुटत जाते ते तुले माहीतच हाये, पण शेवटपर्यंत वाचजो.

दिवाळीत आपल्या सोमाजीमामाले लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, पाय फरफटते, अन् तोंडातून एकच शब्द निंगते. भूक लागली तरी बरोबर, पाठ खाजवली तरी बरोबर, बैलानं दावं तोडलं तरी बरोबर. सारी जिंदगी जंगल राखाची नाकेदारी केलेला माणूस, ज्याच्या एका हाकेनं लाकूडचोराची बैलबंडी उलट्या पावली फिरे, त्यायच्यापाशी आता एवढीच शिल्लक. पेपर हातात देल्ला त उलटासुलटा करून पाह्यते अन् ठेवून देते. गावानं ठरवूनच टाकलं का सोमाजीचं डोकं गेलं. येणारे-जाणारे मामासमोरच मामाबद्दल असे बोलत, जसे मामा भितीवरचं क्यालेंडर हायेत. काई जण त कानापाशी जाऊन वरडत. (मीही वरडली. सुरुवातीले इतकी वरडली का शेजारची सुगंधाबाई काढा घेऊन आली. मामासाठी नाई, माझ्या गळ्यासाठी.)

अन् मग तुझं पत्र आलं. ताई, त्या पत्राले मी देवापाशी ठेवलं हाये. तू लिवलं का मामा बहिरे नाई, वेडे नाई. समज जाग्यावर हाये, फक्त शब्द आत जाचा अन् बाहेर येचा रस्ता खराब झाला, बोललेला असो का लिवलेला. वाचता वाचता माझ्या डोळ्यासमोर पावसाळ्यातलं भामरागड आलं. रस्ता वाहून जाते, पण गाव तिथीच असते, माणसं तिथीच जेवते-खाते, फक्त मोटर पोचत नाई. तू लिवलं होतं: एका कागदावर एकच गोष्ट लिव. वाक्य लहान, अक्षर मोठं, बाजूले चित्र. दाखव, अन् मग गप्प बसून वाट पाह्य. (हे शेवटचं खास माझ्यासाठी होतं, हे मी समजली.) 'वेडे नाई' हे मी मामाले हळूच वाचून दाखवलं, त त्यायनं डाव्या हातानं माझा हात धरला अन् कितीतरी वेळ सोडलाच नाई.

आता थोरले मामा. गुणवंतमामा चांद्याले कचेरीसमोर बसून लोकाईचे अर्ज लिवते, हे तुले माहीत हाये. मन सोन्याचं, पण वाक्य असं लांब का एका वाक्यात माणूस जन्मते, लग्न करते, अन् वारस सोडून मरते. ते आले, भावाले पाह्यलं, अन् जागच्या जागी ठरवलं का सोमाजीले अन् आशाबाईले, म्हणजे आपल्या मामीले, चांद्याले आपल्या घरी न्यायचं, इथलं घर मास्तरले भाड्यानं द्यायचं, बैल इकायचे. मामाले इचारलं, "सोमाजी, येतं ना रे माझ्या घरी?" मामा म्हणाले, "बरोबर." थोरले मामा डोळे पुसत बाहेर गेले. मग मामीनं इचारलं, "अहो, आपल्याले इथीच राहाचं हाये ना?" मामा म्हणाले, "बरोबर." मामी डोळे पुसत आत गेली. आता दोन बरोबर झाले. पण थोरल्या मामानं आधी इचारलं होतं, ते वयानं मोठे, अन् लॉरीही त्यायनंच सांगून ठेवली होती, म्हणून त्यायचं बरोबर जास्त बरोबर ठरलं. मामी मले चुलीपाशी म्हणाली, "कमळे, ज्यायले न्यायचं हाये त्यायच्या मनात काय हाये, हे कोणी पाह्यन का नाई?"

थोरल्या मामाले कागदाबिगर चैन पडत नाई. उद्या कोणी म्हणाले नको का भावाले ओढून नेलं, म्हणून त्यायनं तीन पानं लिवली: 'मी खाली अंगठा करणार सोमाजी, राहणार मौजे पोंभुर्णा, धंदा माजी नाकेदार, राजीखुशीनं, कोणाच्याही दबावात न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देतो ऐसा जे...' तिथून पुढे पूर्णविराम तिसऱ्या पानावर. मी म्हटलं, मामाले हे समजल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाई. ते म्हणाले, "त मी वाचून दाखवतो ना!" अन् वाचलं. मामीचा भात खाली लागला, मामा बसल्या बसल्या झोपले, अन् 'येणेप्रमाणे' आलं तेव्हा जागे होऊन म्हणाले, "बरोबर."

मग मीच कंबर कसली. जुन्या क्यालेंडरची पानं घेतली, कोळसा घेतला, अन् तीन पानाईची दोन चित्रं कराले बसली. पयल्या कागदावर चांदा काढलं. चांदा म्हणजे परकोटाचा मोठा दरवाजा, हे कोणीही वळखन, असं मले वाटलं. मामानं पाह्यलं, घाबरले, अन् दोन्ही मनगटं जोडून मले दाखवली. मामी वरडली, "अवं पोरी, तू त जेल काढली!" (मामा लाकूडचोराईले घेऊन त्याच दरवाज्यातून जेलात जात ना.) थोरले मामा भडकले, का माझ्या घराले जेल करतं का. म्हणून दुसऱ्यांदा घर काढलं अन् दरवाज्यात थोरल्या मामाले उभं केलं, मिशीसकट. कोळसा जरा घसरला अन् मिशी हनुवटीच्या खाली गेली. "इंग्रजी शाळेत हेच शिकवते का तुले, मामाचा बोकड कराले?" ते म्हणतच होते, तेवढ्यात सोमाजीमामा हसले. ताई, अर्ध्या तोंडानं, पण आवाज काढून हसले! दिवाळीपासून या घरात कोणी तो आवाज ऐकला नव्हता. मामी पीठभरल्या हातानं धावत आली. थोरले मामा भावाकडे पाह्यत राह्यले, अन् मग मले हळूच म्हणाले, "शिंगंही काढ." त्या दिवशीपासून माझा त्यायच्यावरचा राग गेला.

दुसऱ्या कागदावर इथलं घर काढलं, मागचं मोहाचं झाड काढलं, अन् झाडाखाली बाज. एकावर लिवलं, 'सोमाजी चांद्याले जाईन?' दुसऱ्यावर, 'सोमाजी इथी राह्यन?' आता उत्तर कसं घ्यायचं? तोंडानं त बरोबरच येईन. तेव्हा मी माझ्या शिक्षणाचा उपयोग केला. दोन्ही कागदाच्या खाली, माझ्या इंग्रजी शाळेतले सिस्टर लोक वहीत बरोबर-चूक करते तशी, एक टिक काढली अन् एक फुली काढली. टिक म्हणजे हो, फुली म्हणजे नाई. हे साऱ्या जगात असंच असते, असं मी घरच्यायले भाषण देल्लं. (मामाले सांगाचं सुचलं नाई. साऱ्या जगात असतेच ना!)

मामानं चांद्याचा कागद पाह्यला, मी गप्प बसून वाट पाह्यली, अन् त्यायनं टिकेवर बोट ठेवलं. म्हणजे जाईन. इथल्या घराचा कागद पाह्यला, पटकन फुलीवर बोट ठेवलं. म्हणजे राह्यत नाई. मी कागद आलटून-पालटून दाखवले, तरी तेच. यात मिस्टेक कुठी निंघन? थोरल्या मामानं माझी पाठ थोपटली, अन् म्हणाले का तुझ्या बापानं फी भरली त्याचं आज चीज झालं.  मामीनं उठून गाडगी-मडकी बांधाले घेतली. नवऱ्याच्या मनात काय हाये ते तिले पाह्यचं होतं, अन् मी तिले ते दाखवलं होतं. मी मात्र गावभर सांगत फिरली का सायन्सपुढे लकवा काईच नाई.

बाजाराच्या दिवशी लॉरी आली. डायव्हर बिरजू घाईत, सारखा हॉर्न वाजवून राह्यला होता अन् "अरे बाई, चलना है के नहीं?" म्हणून राह्यला होता. आम्ही सामान काढतो त काय, दाराच्या चौकटीवर चुन्याची फुली. बाजेवर फुली. जात्यावर फुली. मोहाच्या झाडावर हात पोचन तिथी फुली. मामीचं बोचकं, त्यावर फुली. बैलाच्या पाठीवरही अर्धी फुली, कारण बैल उभा राह्यला नसन. अन् मामा, तंबाखूच्या चुन्याची डबी सदऱ्याच्या खिशात ठेवून, डाव्या हाताच्या बोटाले चुना लावत, भितीले टेकत टेकत फरफटत फिरून राह्यले होते, घामानं भिजलेले. मी थोरल्या मामाले समजावलं, का पाह्य, मामाले या घरातली एकही वस्तू नोको, सगळं नापास करून राह्यले. मामीनं पदर तोंडाले लावला. तेवढ्यात मामानं बोट डबीत बुडवलं, अन् आपल्या स्वतःच्या सदऱ्यावर, छातीवर, मोठी फुली काढली. अन् आमच्याकडे पाह्यत उभे राह्यले. "बरोबर," म्हणाले. "बरोबर. बरोबर!" डोळ्यातून पाणी.

थोरल्या मामाच्या हातातला कंदील खाली पडला. "अवं कमळे," ते म्हणाले, "अवं, हा नाकेदार होये!" मले काईच समजलं नाई. ते पेटीवरच खाली बसले अन् सांगाले लागले. जंगलाची तोड सुरू होते तेव्हा जे झाड राखाचं असते त्याच्यावर नाकेदार फुली मारते. फुलीच्या झाडाले कुऱ्हाड लावली का खटला. असे खटले झालेल्या किती लोकाईचे अर्ज त्यायनं स्वतः लिवले, अन् प्रत्येक अर्जात 'फुली दिसली नाही' असंच लिवलं, म्हणे. "अन् आज मलेच दिसली नाई ना रे, सोमाजी," म्हणून ते भावाच्या गळ्यात पडले, अन् तीच फुली त्यायच्या कोटावरही उमटली.

ताई, मामानं पयल्या दिवशीपासून बरोबरच सांगतलं होतं: फुली ते राखाचं, फुली नाई ते तोडाचं. मी उलटं वाचलं होतं. शिकलेली मी! पण कोणी मले एक शब्द बोल्लं नाई. मामीनं मले जवळ घेतलं, अन् म्हणाली का तुझ्या कागदामुळं त्यायले इचारलं त गेलं. लॉरी रिकामी गेली. बिरजू जाताना म्हणाला, "बूढ़ा बड़ा पक्का है," अन् मामा म्हणाले, "बरोबर."

आता पद्धत बदलली हाये. फुली म्हणजे हो, राखा. अन् 'नाई'साठी मी टिक काढून टाकली अन् कुऱ्हाड काढली. हे मामाले सांगावंच लागलं नाई. चाय पाह्यजे का, बाहेर बसता का, सुगंधाबाईनं अजून बसावं का (हिच्यासाठी कुऱ्हाड लागली, पण आम्ही तो कागद तिले दाखवला नाई), सगळं कागदावर. थोरले मामा आठवडाभर राह्यले, अन् त्यायनं तीन पानाईचा कागद फाडून नवा लिवला: 'सोमाजी इथीच राहील. मी येत जाईन.' एवढंच. दोन पूर्णविराम! लिवताना त्यायचं डोकं दुखलं, सुंठेचा लेप लावावा लागला, पण मामानं तो कागद आपल्या बोटानं सावकाश, शब्द शब्द करत पाह्यला, अन् उशाखाली ठेवला. हे सगळं तुझ्या एका पत्रानं झालं, ताई. तुझे उपकार मी कसे फेडू, ते तूच सांग.

तुझी,
कमळा

ता. क. – खरं काम लिवाचं राहूनच गेलं. मी कॉलेजात परत येत नाई. मामाले माझी गरज हाये, कागद कोण काढन? बाबा चिडतीन, म्हणून तू घरी जाऊन त्यायले समजावून सांग. तुझं ते ऐकते.

ता. क. दुसरा – थांब, बाबाले काईच सांगू नको. पाकीट चिकटवत होती तेव्हा मामी म्हणाली, "ज्यायच्यासाठी राह्यतं, त्यायले इचारलं का तू?" मी नव्हतं इचारलं. म्हणून कागद काढला: 'कमळा इथी राह्यन?' ताई, मामानं जरासुद्धा वाट पाह्यली नाई, सरळ कुऱ्हाडीवर बोट! मी 'कमळा नागपूरले जाईन?' काढलं, त फुली. अन् मग मामानं हातानं खुणावून देवापासचं तुझं पत्र मागून घेतलं अन् त्याच्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाह्यत राह्यले. कागद मामी काढीन म्हणते. तिनं काढलेला बैल माझ्यापेक्षा चांगला हाये. तुझ्या दवाखान्यात बोलणं गेलेल्यायसंग असं कागदावर बोलाचं काम शिकाले भेटते का, तेवढं इचारून ठेव. मी रडून राह्यली, पण मामाचा राग नाई आला. इतक्या महिन्यात कोणी त्यायले 'नाई' म्हणू देल्लं नव्हतं. आज त्यायनं तोंडावर म्हटलं, अन् ते मले म्हटलं. येत्या सोमवारी निंघते.