गुलाबी वर, निळं खाली

३ मार्च, सकाळी
साहेबांनी तोंड धुवायचं नवं क्लेन्झर माझ्याकडे सोपवलं. पारदर्शक बाटली, आत गुलाबी ग्लिसरिन आणि निळं तेल, मधली रेष सरळ. महिनाअखेर मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाई बघायला येणार. त्यांनी पसंत केलं की लॅबचा प्रमुख मी. वर कोणतं, असं साहेबांनी विचारलं. क्षणाचाही विचार न करता म्हणालो, गुलाबी वर, निळं खाली. याला निर्णयक्षमता म्हणतात. तसं चित्र असलेली खोकी छापायला गेलीसुद्धा.

५ मार्च
शी! गुलाबी थराला खालून बोटं फुटली. लिबलिबीत, बुळबुळीत. निळ्यात घुसत, वळवळत तळाला गेली. दुपारपर्यंत गुलाबी खाली, निळं वर. मुद्दाम! आणि त्यावर गुलाबाचा वास.
चष्मिस (माझी ज्युनिअर) म्हणाली की जड वर ठेवलं तर ते खाली येणारच, सर. तिला सांगितलं की हा विषय मी कोळून प्यायलोय. शिवाय खोकी छापून झाली आहेत.

९ मार्च
कारण सापडलं. टेबल हलतं. पायाखाली पुठ्ठा घातला. बोटं. एसी बंद केला. घामाघूम झालो. बोटं. पॅकिंगवाल्यांना दारासमोरून पाय न आपटता जायला सांगितलं. आता ते चवड्यांवर चालतात आणि खिदळतात. नाचता येईना अंगण वाकडं, असं चष्मिस पुटपुटली. मी ऐकलं नाही.

१४ मार्च
घरी बेसिनपाशी प्रयोग. बायकोने विचारलं, हे किळसवाणं काय आहे आणि माझ्या टूथब्रशला का लागलंय? वर म्हणे, तेल वरच येतं हे शेंबडं पोरही सांगेल. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं!

२० मार्च
जिंकलो! घट्ट करायची पावडर. दोन्ही थरांत दुप्पट घातली. बोटं रेंगाळली. चौपट घातली. मेली एकदाची! रेष पट्टीने ओढल्यासारखी. केबिनच्या पडद्यांचा रंग ठरवला.

२८ मार्च, दुपारी
बाई रेष बघून थक्क. साहेबांनी पाठ थोपटली. मग बाईंनी बाटली तळहातावर उलटी धरली. दाबली. आपटली. थेंब नाही. झाकण काढून आत पेन खुपसलं, ते ताठ उभं राहिलं. रेष छान आहे, म्हणाल्या, पण तोंड धुवायचं कशाने?
तेवढ्यात चष्मिसने पावडर न घातलेली बाटली आणली आणि खळाखळा हलवून टेबलावर ठेवली. गुलाबी थेंब निळ्यातून खाली ओघळायला लागले. अगदी ओंगळ. बाई हनुवटीला हात लावून बघत बसल्या. हेच द्या, म्हणाल्या.

३० मार्च
चष्मिस प्रमुख झाली. शोभा आहे नुसती! माझी रवानगी गोडाऊनला. नवी खोकी तिथेच आली. त्यांवर ठळक छापलंय, 'वापरण्यापूर्वी हलवा.'
मला तर न वापरताच हलवलं.