तुमचं लाल सिरप

सर,

तुम्ही गेलात तेव्हा वाशीत चौकाचौकात तुमच्या फोटोचे बॅनर लागले होते, ‘बालकांचे देवदूत’. तो शब्द आठवला की अजूनही दाताखाली खडा आल्यासारखं होतं. एमडी झाल्यावर मी तुमच्याच दवाखान्यात हाताखाली होते, म्हणून मला ठाऊक आहे. खोकला आला की लाल सिरप, ताप आला की अँटिबायोटिक, आणि चार दिवसांनी पोर बरं झालं की श्रेय तुमचं. ते आपोआपच बरं झालं असतं का, हा प्रश्न तुम्हाला जन्मात पडला नाही.

हॉटेलातला तो कार्यक्रम आठवतो? जेवण त्या सिरपच्या कंपनीचंच. तुम्ही पडद्यावर आलेखाचे उंच उंच खांब दाखवून ‘रिसर्च’ सांगताय, आणि मी हात वर करते. “सर, ज्या मुलांना हे दिलंच नाही, त्यांचा खोकला किती दिवसांत गेला?” तुम्ही चष्मा काढता. “मॅडम पेपर वाचतात. मी पेशंट बघतो.” हॉल हसला. पनीर टिक्का चघळत हसला. तुलनेला दुसरी मुलंच नव्हती त्या रिसर्चमध्ये, आणि हे न कळण्याइतके तुम्ही मूर्ख नव्हतात. आळशी होतात. मूर्खाला मी माफ केलं असतं.

गेल्या महिन्यात करावे गावातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. काही महिन्यांचं बाळ, सर्दी, छातीत घरघर, पण दूध नीट पितंय. मी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि थोडं थोडं दूध सांगितलं. धाप लागली किंवा दूध सोडलं तर लगेच आणा म्हटलं. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना तेवढंच सांगतात, आणि त्या कोणत्या अभ्यासांवर उभ्या आहेत ते मी स्वतः वाचलंय. आजी मी लिहून दिलेला कागद उलटा करून बघायला लागल्या.

“औषध नाय? मोठे डॉक्टर लाल बाटली द्यायचे.”

“त्याचा उपयोग नाही, आजी. एवढ्या लहान बाळाला धोकाच आहे.”

“आमची सगली पोरं त्याच्यावरच वाढली.”

दुसऱ्या दिवशी त्या धावतच आल्या. बाळ पेंगत होतं, दूध ओढत नव्हतं, श्वास घेताना फासळ्या आत जात होत्या. लाल बाटली कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणून पाजली होती. तिथल्या माणसाला तुमचं औषध अजून तोंडपाठ आहे. तुम्ही मेलात, तुमचं प्रिस्क्रिप्शन मेलं नाही. बाळाला ॲडमिट केलं, ऑक्सिजन लावला, त्या रात्री त्याची आई भिंतीला टेकून उभीच होती. दोन दिवसांनी ते अंगावर प्यायला लागलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घरी जाताना आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “मोठे डॉक्टर असते तर इथवर आनायची पाली आली नसती.”

मी हसले, सर. दुसरं काय करणार?

तुम्ही जिवंत असतात तरी हे पत्र पाठवलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही ते स्टेजवरून हॉलभर ऐकवलं असतं. बाळाच्या पोटाला हात लावण्याआधी तुम्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचात. मीही करते. त्याने काही फरक पडतो का, हे मी कुठल्याच पेपरात शोधलेलं नाही.